सरकीच्या तेलाचा चिखल

मारोतराव ढोक आपला चिखल चाटून पाहायचे. डब्यात तर्जनी बुडवायची, जिभेच्या शेंड्याला लावायची, डोळे मिटायचे आणि मग बाजूला थुंकून निकाल द्यायचा. "जमला." नाहीतर, "नाही जमला. खवट होऊन राहिला." सौंसरच्या बसस्टँडमागे त्यांची टिनाची शेड होती. बसची वाट पाहणारी माणसं कुंपणावरून हा प्रकार बघत आणि एकमेकांना कोपर मारत. तोंडावर त्यांना मारोतराव म्हणत, पाठीमागे चिखल्या.

मी पत्रकं लिहितो. पांढुर्ण्याच्या एका मास्तराचा मुलगा. कॉलेज सुटल्यावर नागपूरच्या एका पर्यावरण मंचात तयार झालो. तिथे दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. मथळ्यात प्रश्न विचारायचा नाही, आरोप करायचा. आणि घटना घडेल त्याच दिवशी पत्रक निघालं पाहिजे, दुसऱ्या दिवशी लोक थंड होतात. हे दोन्ही नियम मी मारोतरावांवर वापरले. त्याबद्दल लिहितो आहे. माझी बाजू मांडायला नव्हे. मला बाजू नाही.

पहिल्यांदा ते आमच्या घरी आले तेव्हा डोक्यावर पिवळं लोखंडी टोपडं होतं, तेल कंपनीतलं. सौंसरहून बसने आले होते, आणि बसमध्येही ते त्यांनी काढलं नसणार. उन्हात ते टोपडं, बाजारात पिशवीऐवजी ते टोपडं. संत्री त्यात, कांदे त्यात. दारात उभे राहून म्हणाले, "मास्तरचा पोट्टा तूच ना? इंग्रजी येते म्हणते लोक."

"येतं. काय काम होतं?"

"चिट्ठी लिहाची हाये. तेल कंपनीले."

तेल कंपनी म्हटल्याबरोबर मी सावरून बसलो. मोठा शत्रू चालत घरी आला होता. "तक्रार आहे का, काकाजी?"

"तक्रार कायची? उपाय हाये."

गुजरातच्या तेलविहिरींवर त्यांनी अठरा वर्षं काढली होती. काम एकच, चिखल कालवायचं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी आमच्या ओसरीवर बसून, आईने दिलेल्या चहाच्या कपात काडी फिरवून मला समजावलं.

"तेलाची विहीर मंजे बादली सोडाची विहीर नाही बाबू. भोक असते. कोस-दीड कोस खोल. पाइप फिरते, त्याच्या टोकाले दात असते, ते दगड कुटत जाते. मंग त्या दाताले थंड कोण ठेवीन? कुटलेला दगड वर कोण आणीन? चिखल. पाइपातून खाली सोडाचा, भवतालून वर घ्याचा. पण पाण्याचा चिखल काही मातीले चालत नाही. माती फुगते, पाइपाले गच्च धरून ठेवते. मंग कंपनीवाले काय करते? डिझेलचा चिखल करते."

"डिझेल? जमिनीत?"

"टँकरच्या टँकर. अन् वर आलेला भुगा, डिझेलनं थबथबलेला, तिथंच शेताच्या कडेले ओतते. त्या जागी मंग गवत भी येत नाही." त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "अन् इथं कातडं येत नाही."

कोपरापर्यंत हात वाळल्या तलावाच्या तळासारखे फाटलेले होते. त्यांना तिखट हाताने खाता येत नसे. ठेचा-भाकर चमच्याने खात, म्हणून गावात नाव पडलं होतं की मारोती सायब झाला. ते लोकांना कधी कारण सांगत नसत. "सायब तं सायब," म्हणत आणि चमचा चाटत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मातीला पाणी चालत नाही, तेल पाहिजे, ठीक. पण डिझेलच का? तेल आपल्या सरकीतही आहे. सौंसर-पांढुर्ण्यात जिनिंगमागे सरकीचे ढीग पडतात, लोधीखेड्याच्या तेलवाल्याकडे पिंपं भरलेली असतात. खायचं तेल जमिनीत गेलं तर किडामुंगी खाईल, कुजेल, खत होईल. "भोक मंजे जमिनीचा घसा," ते म्हणायचे. "जे आपल्या जिभेले चालत नाही ते तिच्या घशात घालाचं नाही."

हे वाक्य मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं. पत्रकाला कामी येईल म्हणून.

त्यांच्यासाठी मी चार पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. दर वेळी ते म्हणत, "सायब दौऱ्यावर असन." आणि शेडमध्ये काम चालू राही. मी महिन्यातून एकदा तरी सौंसरला जायचो. काही मंचाच्या कामाने, बरंचसं त्यांना बघायला. पत्र्याखाली चुली, कढया, काचेच्या बरण्यांची रांग. बरणीवर चिठ्ठी: 'कच्चं तेल, उतू गेलं.' 'शाडू जास्त.' 'हे ठीक पण बुरशी.' चिखल किती पातळ हे पाहायला नरसाळं होतं. घड्याळ नव्हतं. नरसाळ्याच्या तळावरचं बोट काढायचं आणि एका लयीत एकोणतिसाचा पाढा सुरू करायचा. दोनशे नव्वदच्या आत चिखल संपला तर पातळ, पाढा म्हणून झाला तरी धार चालूच तर घट्ट. मधे कुणी बोललं की पाढा चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा तहसीलचा माणूस जागेच्या भाड्याचं विचारायला आला, तो पाढ्याच्या तीन फेऱ्या होईपर्यंत उभा राहिला आणि शेवटी स्वतःच पाढा म्हणू लागला.

पहिला मोठा घाणा त्यांनी केला तो चुना घालून. डिझेलच्या चिखलात चुना घालतात, म्हणून यातही घातला, जोडीला धुण्याचा सोडा. तासाभरात कढईत घट्ट पिवळट लगदा झाला. नरसाळ्यातून थेंब पडेना. मारोतराव कढईपुढे उकिडवे बसून राहिले. शांताकाकू, त्यांच्या पत्नी, आतून आल्या, बोटाने लगदा चिमटला, पाण्यात चोळला आणि म्हणाल्या, "साबण केला तुम्ही."

"साबण?"

"मंग काय श्रीखंड? अठरा वर्स शिकले अन् साबण केला. आता चार महिने दुकानातून आणू नका मंजे झालं."

आणि खरंच चार महिने काकूंनी त्यानेच कपडे धुतले. पण मारोतरावांना त्या साबणाने झोप येईना. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, चिखल फाटतो, ही त्यांची अडचण होती. आणि साबण दोघांनाही धरतो. पंधरा दिवसांनी मी गेलो तर दारातूनच ओरडले, "बाबू, साबण पाह्यजेच होता! चिमूटभर पाह्यजे होता, म्या परातभर केला!"

दुसरा प्रसंग कुकरचा. विहिरीच्या तळाशी, त्यांच्या शब्दांत, भजे तळता येतील एवढी गरमी असते आणि वरून दाब. ते शेडमध्ये कुठून आणणार? काकू माहेरी गेल्या होत्या. त्यांनी घरातला प्रेशर कुकर आणला, त्यात चिखलाचा डबा ठेवला आणि दिवसभर शिट्ट्या घेतल्या. संध्याकाळी काकू परत आल्या, दुसऱ्या दिवशी वरण लावलं. पहिला घास घेऊन त्यांनी ताट सरकवलं.

"याच्यात काय शिजवलं होतं?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"भोकातला चिखल. पण चिखल एकदम चांगला झाला, शांते. फाटला नाही."

"वरण फाटलं माह्यं!" काकू म्हणाल्या. त्यानंतर कुकर कायमचा शेडमध्ये राहिला आणि घरात वरण पातेल्यात शिजू लागलं. मला हे दोघांनी दोन वेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघंही आपली बाजू सांगता सांगता हसले होते.

त्याच सुमाराला त्यांनी मला चिखल चाखायला लावला. काळपट, दाट, उन्हात चकाकणारा. कच्चं सरकीचं तेल काळंच असतं, हे त्या भागातलं कुणीही सांगेल. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी मागे सरकलो. ते म्हणाले, "पर्यावरणवाला ना तू? मंग चाख." मी बोट लावलं. ओलसर मातीची, पेंडीची चव. तुरट. गुराच्या गव्हाणीजवळ उभं राहिल्यावर येतो तो वास. "काय लागते?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सरकीची ढेप." ते खूश झाले.

म्हणजे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा. मी माझ्या जिभेने पाहिलं होतं.

पाचव्या पत्राला उत्तर आलं. कंपनीतला एक साहेब, ज्याच्या हाताखाली त्यांनी काम केलं होतं, तो पोळ्यानंतर नागपूरला येणार होता. येताना एक दिवस काढून बघून जाईन म्हणाला. फुगणाऱ्या मातीत भोक पाडून दाखवा. टिकलं, तर गुजरातच्या एका खऱ्या विहिरीत तुमचा चिखल घालून पाहू. मी इंग्रजीतून मराठी करून सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. 'खऱ्या विहिरीत' आलं की बोट वर करायचे. मग शांतपणे म्हणाले, "तिथं माह्याच गावचे आठ-दहा पोट्टे हायेत. त्यायचे भी हात असेच हायेत."

जवळच्या रामाकोन्यातल्या देवाजी नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात पिवळ्या चिकणमातीचा जाड थर होता. देवाजीने विहिरीसाठी बोर मारायचा प्रयत्न केला होता, पाइप अडकून तुटला होता. मारोतरावांना अशीच नाठाळ जमीन हवी होती. त्यांनी छिंदवाड्याकडून एक जुनं बोरचं यंत्र भाड्याने आणलं, शेजारी खड्डा खणून त्यात चिखल भरला. आधी मुद्दाम पाण्याने भोक पाडलं. मातीने पाइप धरला. मग चार हात सरकून सरकीच्या चिखलाने दुसरं. पाइप खाली जात राहिला. मी नव्हतो, देवाजीने नंतर सांगितलं. मारोतराव पाइपाला कान लावून उभे होते आणि म्हणत होते, "पाह्य देवाजी, पोरगी सासरी जाऊन राहिली अन् रडत नाही!" संध्याकाळी सगळ्यांना जिलबी दिली.

पोळ्याला आठ दिवस होते. देवाजीचा एक बैल दाव्यातून सुटला आणि चिखलाच्या खड्ड्यावर गेला. सकाळी सापडला तेव्हा पोट टरटरून फुगलं होतं, तोंड काळं होतं. दुपारी तो गेला.

पोळ्याच्या तोंडावर बैल मरणं काय असतं हे मी सांगायला नको. शिंगं रंगवायचा रंग घरात आणून ठेवलेला होता.

मला पांढुर्ण्यात निरोप आला आणि मी मंचाच्या दोघांना घेऊन रामाकोन्याला पोचलो. शेतात पन्नास-साठ माणसं जमलेली. खड्ड्यात काळा चिखल. खड्ड्याच्या कडेला पिंप, त्यावर पांढऱ्या अक्षरात 'डिझेल'. वासही डिझेलचा. माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं: साहेब येणार, सरकीचं काही जमलं नाही, म्हाताऱ्याने डिझेल घातलं. मला फसवलं. माझ्या हाताने पत्रं लिहून घेतली आणि फसवलं!

ते डिझेल यंत्राच्या इंजिनाचं होतं. इंजिन पिंपापासून सहा हातांवर होतं. मी ते पाहिलं होतं आणि तरी पाहिलं नव्हतं.

मारोतराव बैलाजवळ बसले होते. पिवळं टोपडं बाजूला पडलेलं. त्यांनी सौंसरला गुरांच्या डॉक्टरला बोलावणं धाडलं होतं, तो यायचा होता. ते माझ्याकडे बघत होते, मी जवळ येईन म्हणून. वीस पावलांचं अंतर होतं. मी गेलो नाही. परतीची बस होती आणि पत्रक त्याच दिवशी निघायला हवं होतं.

मथळा असा होता: 'तेल कंपनीच्या दलालाने रामाकोन्यात बैल मारला! उद्या तुमची विहीर!' खाली, 'ज्याने बैलाला सोडले नाही तो बाळाला सोडील काय?' चिखलाला मी 'काळे डिझेली विष' म्हटलं. नाव मारोतरावांचं पूर्ण घातलं. खाली सही मंचाची. माझं नाव कुठेच नव्हतं.

पत्रक सकाळी सौंसरला पोचलं. दुपारी शेडवर दगड पडले. मारोतराव बाहेर आले, हात वर केले आणि म्हणाले, "अरे बाप्पा, गोटमारीची जत्रा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते, अन् ते भी पांढुर्ण्यात. तुम्ही सौंसरात आठ दिवस आधीच चालू केली?" एरवी यावर हशा पिकला असता. कुणी हसलं नाही. बरण्यांची रांग गेली. पिंपं लोकांनी उलटवली आणि तेल बसस्टँडपर्यंत वाहत गेलं. काकूंनी त्यावर राख टाकली, माणसं घसरून पडू नयेत म्हणून. त्याच माणसांनी दगड मारले होते.

मी त्या वेळी रामाकोन्याच्या बाजारात उरलेली पत्रकं वाटत होतो. देवाजीची म्हातारी आई भाजी घेऊन बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणाली, वाचून दाखव. मी आवाज चढवून वाचलं. 'डिझेली विष' आलं तशी ती मधेच म्हणाली, "डिझेल?"

"हो आजी, डिझेल."

"अरे पोट्ट्या, डिझेलले बैल तोंड लावते का? हुंगत भी नाही. सरकीचा वास आला म्हणून गेला तो. खाऊन राहिला, खाऊन राहिला, पोटात माती बसली. डाक्तर भी तेच बोलला." मग माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "तुह्या घरी बैल नाही का?"

आमच्या घरी बैल नव्हता. पण जे त्या बाजारातल्या कुठल्याही माणसाला विचारल्याबरोबर कळलं असतं, ते मला कळायला आधी माझीच जीभ आठवायला हवी होती. ती मला तेव्हा आठवली. ढेपेची चव तिथे, भर बाजारात, तोंडात आली. माझ्या हातात शंभरेक पत्रकं उरली होती.

ती मी वाटून संपवली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आजीला म्हणालो, "बघू, चौकशी करू," आणि पुढच्या दुकानाकडे गेलो. हात आपोआप चालत होते. थांबलो असतो तर सोबतच्या दोघांना कारण सांगावं लागलं असतं.

नागपूरला मी नंतर विषय काढला. मंचातले वडीलधारे होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, एका पत्रकाचा खुलासा काढला की पुढच्या दहा पत्रकांवर कोण विश्वास ठेवणार? आणि तेल कंपन्या काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत ना? मी म्हणालो, नाहीत. मला तेवढंच हवं होतं. चूक झाली पण योग्य दिशेने झाली, अशी काहीतरी समजूत घालून मी परत आलो. लाज कशी झाकावी याचं शिक्षण फार सोपं असतं.

दिवाळीच्या आधी मारोतराव आमच्या घरी आले. डोकं उघडं होतं. ओसरीवर नेहमीच्या जागी बसले आणि पाकीट पुढे केलं.

"कंपनीची चिट्ठी आली. वाच."

दोन कागद होते. वरचं इंग्रजी. साहेबाने लिहिलं होतं की सोबत जोडलेला कागद कुणीतरी आमच्या कार्यालयात पाठवला आहे, अशा परिस्थितीत मला येता येणार नाही, आणि तुमच्या तेलाचा विचार सध्या थांबवला आहे. खाली पिनने माझं पत्रक जोडलेलं.

मी वाचू लागलो. जोडलेल्या कागदाचं वाक्य गाळलं. "साहेब म्हणतात, कामाच्या गर्दीमुळे..."

"गर्दी लिहिली हाये का?" त्यांनी विचारलं.

मी पत्राची घडी घालू लागलो.

"मागचा कागद मराठीत हाये, तो म्या वाचला. त्याचं सांगू नको. इंग्रजीतलं सांग. जसं हाये तसं."

मी जसं आहे तसं सांगितलं. ते ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पत्रक पिनेतून काढलं, गुडघ्यावर सरळ केलं. "ज्याने बैलाला सोडले नाही तो बाळाला सोडील काय?" त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे तूच लिहू शकते बाबू. दुसऱ्याले इतकं चांगलं जमत नाही."

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ते खरंच वाक्याकडे बघत होते, जसे बरणीकडे बघायचे. आईने चहा आणला, त्यांनी तो पूर्ण प्यायला, तिच्या गुडघ्याची चौकशी केली. मी माफी मागितली नाही. त्यांनी विचारलंही नाही. जाताना म्हणाले, "पाच चिट्ठ्या लिहिल्या तू माह्यासाठी. ते भी चांगलंच लिहिलं होतं."

शेड त्यांनी सोडली. देवाजीला बैलाची भरपाई त्यांनी स्वतः दिली, न मागता, असं देवाजीनेच सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात कळलं की ते पुन्हा गुजरातला चालले आहेत. पांढुर्ण्याचा एक ठेकेदार विहिरींवर माणसं न्यायचा. तिथे डिझेलचा चिखल कालवायला हात लागत होते. या वयात, त्या कातडीने.

तेव्हा मी खुलासा लिहिला. मंचाला न विचारता, स्वतःच्या नावाने, पांढुर्ण्याच्या छापखान्यात पाचशे प्रती काढल्या. 'मारोतराव ढोक निर्दोष आहेत. चिखल खाण्याच्या तेलाचा होता. पत्रक मी लिहिले, ते खोटे होते.' शाई पुरती वाळली नव्हती तशी पिशवीत भरली आणि थेट स्टेशनावर गेलो. नागपूरची पॅसेंजर यायची होती. ठेकेदाराची दहा-बारा माणसं ट्रंकांवर बसली होती, त्यांत मारोतराव सगळ्यांत म्हातारे. काकू आल्या नव्हत्या.

मी वाकून नमस्कार केला आणि खुलासा त्यांच्या हातात दिला. काय अपेक्षा होती ते आता लपवत नाही: ते वाचतील, त्यांचे डोळे भरतील, पाठीवर हात ठेवतील.

त्यांनी वाचला. दोनदा. मग बोट ठेवून म्हणाले, "हे बरोबर नाही."

"काय, काकाजी?"

"निर्दोष. बैल तं मेला ना. खड्ड्याले कुंपण म्या घातलं नव्हतं. सरकी अन् उघडा खड्डा, म्या शेतकऱ्याचा पोट्टा, मले समजाले पाह्यजे होतं. हे भी लिही."

"लिहितो. पुन्हा छापतो."

"किती काढले?"

"पाचशे."

"वाटले?"

"नाही अजून. म्हटलं आधी तुम्हाला..."

गाडीची घंटा झाली. माणसं ट्रंका उचलू लागली. मारोतरावांनी कागदाची घडी न घालता तो तसाच मला परत दिला.

"मले कायले देते? मले तं माहीत हाये," ते म्हणाले. "ज्यायले माहीत नाही त्यायले दे."

ते रागावले नव्हते. चिखल घट्ट झाला तर शाडू कमी कर, अशा सुरात सांगितलं. गाडी लागली. दारात गर्दी होती, एका पोराला आधी आत ढकललं, त्याची ट्रंक दिली, मग स्वतः चढले. खिडकीत जागा मिळाली नाही. डब्याच्या आत, उभ्या माणसांच्या खांद्यांमधून त्यांचं पांढरं डोकं एकदा दिसलं; कुणालातरी काही समजावत होते. गाडी हलली.

फलाटावर गाडीतून उतरलेली, पोचवायला आलेली, अशी चाळीसेक माणसं होती. त्यांतली काही सौंसरची, चेहऱ्याने ओळखीची. एकाने विचारलंही, "काय भाऊ, नवीन पत्रक वाटते?" पिशवी माझ्या खांद्यावर होती, तिचं तोंड उघडं होतं, वरचा कागद त्याला अर्धा दिसत होता.

मी म्हणालो, "नाही, जुनंच आहे," आणि घरी आलो.